बागेचा नकाशा काढण्याआधी एकदा दुपारी दीड वाजता येऊन बघा

प्रिय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय हे मला माहितीये, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त तुटक्या रेलिंगचा भाग ठेवा ही विनंती. शहराचं आणि बागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एक म्हणजे मला कुणाशी भांडण वाढवायचं नाही, आणि दुसरं म्हणजे हे पत्र मी तिघीचौघींना वाचून दाखवलं तर प्रत्येकीला ती आपल्याच भागातली बाग वाटली.

तर आमच्या घरामागे एक बाग आहे. हिरवळ, मेंदीचं कुंपण आणि मधोमध पुतळा असली बाग नाही ती. पूर्वी तिथे आमराई होती, शहर इकडे सरकायला लागलं तेव्हा जागा उद्यानासाठी आरक्षित झाली आणि नशिबाने बरीच वर्षं तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, त्यामुळे आंबे राहिले, दोन वड राहिले, एक उंबर, एक म्हातारी चिंच, करंज, विलायती शिरीष, मागच्या भिंतीला लागून काटेसावर आणि पांगारा. उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की अंगावरचा घाम जाणवायला लागतो इतका फरक पडतो. बाकी सोयींच्या नावाने आनंद आहे. बाकं मोडलेली, पावसात मधली वाट गुडघाभर चिखलाची, बायकांसाठी टॉयलेट नाही, दिवे लागतात ते मेन गेटजवळच. म्हणजे बागेचं काम व्हायला पाहिजे हे आम्हीच गेली कित्येक वर्षं ओरडतोय, काम नको असं म्हणणारी मी नाही हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लगेच ‘विकासाला विरोध’ सुरू होतं.

शिवरात्रीनंतर एक दिवस अचानक अर्ध्या बागेला निळे पत्रे लागले आणि गेटवर मोठा फ्लेक्स आला, सुशोभीकरण. फ्लेक्सवर कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र होतं. मी दहा मिनिटं उभी राहून बघितलं आणि मला आमची बागच सापडेना. गोल हिरवळ, कारंजं, पांढऱ्या कमानी, लाल सिंथेटिक ट्रॅक आणि त्यावरून चालणारी गोरी जोडपी, हो, माणसंसुद्धा आपली नव्हती, सॉफ्टवेअरमध्ये मिळतात तशी होती, एकाच्या हातात कॉफीचा कप. झाडं पण त्या माणसांच्याच देशातली असावीत, सगळी एका उंचीची आणि लॉलिपॉपसारखी. माझ्या सोबत फिरायला येणाऱ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, अगं उंबर कुठाय यात? नव्हताच उंबर. नंतर खरा नकाशा बघायला मिळाला तेव्हा कळलं की तिथे ‘सीटिंग प्लाझा’ आहे.

हा नकाशा मिळवायलाही यातायात झाली. माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, आणि तीस दिवसांची वाट बघत बसलो. खरं म्हणजे त्याच २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्याबद्दलची सगळी माहिती सरकारी कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायची, कुणी मागायची वाट बघायची नाही. बागेच्या गेटवर तो फ्लेक्स लावला त्याच्या शेजारी नकाशा लावायला कितीसा खर्च आला असता हो? आणि मराठीत लावा, ‘लँडस्केप नोड’ म्हणजे काय ते आमच्या सोसायटीतल्या आर्किटेक्ट मुलीला विचारावं लागलं.

आम्ही कुरबूर केली म्हणून मग ‘नागरिक संवाद’ ठेवला. कधी, तर बुधवारी सकाळी अकरा वाजता, वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये. बुधवारी अकराला कोण येणार? रिटायर्ड माणसं आली, मी त्यातलीच एक. पडद्यावर चित्रं दाखवली आणि मग फॉर्म वाटला, पहिला प्रश्न, कारंजं म्युझिकल हवं की साधं. दुसरा प्रश्न, ट्रॅकचा रंग लाल की निळा. कारंजं नकोच असा पर्याय नव्हता म्हणून मी पेनाने तिसरा चौकोन काढून त्यात टिक केली, तर तो फॉर्म बाद धरला असं नंतर कळलं! आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड येतं आणि इथे हिरवळ आणि कारंजं. याला लोकसहभाग म्हणतात. लग्न ठरलं, हॉल बुक झाला, पत्रिका छापल्या, आणि मग मुलीला विचारायचं की अक्षता पिवळ्या हव्यात का लाल.

विचारायचं कधी हा खरा मुद्दा आहे. नकाशा काढून झाल्यावर विचारलं की माणूस फक्त हो किंवा नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हटलं की तो विरोधक ठरतो. नकाशा काढायच्या आधी विचारलं तर तोच माणूस माहिती देतो. आमच्या बागेत जे माळीकाका आहेत, ठेकेदाराकडे आहेत, पगार कधी होतो कधी नाही, त्यांना पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं ते पाऊल न् पाऊल माहीत आहे, कुठल्या आंब्याला खोडकिडा लागलाय ते माहीत आहे. सर्व्हे करायला जी टीम आली होती तिने त्यांना एकच प्रश्न विचारला, नळ कुठाय. हात धुवायला.

आता उंबराचं आणि शिरीषाचं सांगते. शिरीषाच्या जुन्या ढोलीत गेली तीन वर्षं राखी धनेशाची जोडी घरटं करते. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून भरवत राहतो. हे साधारण मार्च ते जून चालतं, म्हणजे आत्ता हे पत्र लिहितेय तेव्हा ती आत आहे. नर बऱ्याचदा आमच्या उंबराचीच फळं घेऊन जातो, शाळेतली मुलं खाली उभी राहून मोजतात किती खेपा झाल्या. नकाशात या शिरीषावर ‘वाळलेल्या फांद्या काढणे’ असं लिहिलंय आणि उंबर तर नाहीच. काम सुरू करायचा महिना एप्रिल. आता इंजिनीअर साहेबांना धनेश माहीत असायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही, त्यांना शंभर कामं असतात, पण ज्या मुलाला माहीत आहे त्याला विचारायची काही सोय ठेवाल का नाही?

झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष कायदा आहे. झाडावर नोटीस चिकटवावी लागते, पेपरात जाहिरात द्यावी लागते, लोकांना हरकत घेता येते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज समजलं जातं. आमच्या वडांचं वय तर नक्कीच त्याच्या पलीकडे आहे. कायदा चांगला आहे. पण झाड न तोडताही मारता येतं आणि त्याची नोटीस लागत नाही. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं पाताळात जात नाहीत, बहुतेक सगळी वरच्या फूट-दोन फुटात असतात आणि फांद्या जिथवर पसरल्यात त्याच्याही पुढे गेलेली असतात. ट्रॅकसाठी जेसीबीने दीड फूट खणलं, खडी-मुरूम दाबला, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि बुंध्याला घट्ट सिमेंटचा कट्टा केला की काम संपलं, झाड लगेच मरत नाही, दोनतीन वर्षांनी वाळायला लागतं, मग ‘धोकादायक झाड’ म्हणून अर्ज होतो आणि रीतसर परवानगीने तोडलं जातं. बिल तेव्हा कधीच निघालेलं असतं. हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबद्दल बुंध्याभोवती मीटरभर जागा सिमेंटशिवाय मोकळी ठेवायला सांगितलं होतं, पण आमच्या नकाशात वडाला ग्रॅनाइटचा गोल कट्टा आहे, त्यावर स्टीलचं रेलिंग आणि समोर सेल्फी पॉइंट. वटपौर्णिमेला पहाटेपासून बायकांची रांग लागते या वडाला, फेऱ्या कुठून मारायच्या, रेलिंगवरून उड्या मारत? ज्यांनी नकाशा काढला त्यांच्या घरी पण कुणीतरी वडाला जात असेल की. आणि कुणाला वडाची पूजा नसेल करायची तर नका करू, मीही सासूबाई गेल्यापासून जात नाही, पण जातात त्यांना विचारा तरी.

शेवटी आम्हीच एक उद्योग केला. आर्किटेक्ट मुलीची आयडिया. एका रविवारी सकाळी पत्र्यांच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत रांगोळीने बागेचा मोठा नकाशा काढला, भिंत, गेट, वाटा, मोठी झाडं. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तीन खडे दिले, जिथे तुम्ही बसता, थांबता, खेळता तिथे खडा ठेवा. भीती वाटते किंवा जात नाही तिथे विटेचा तुकडा. बस्स, एवढंच, भाषण नाही, फॉर्म नाही. आणि हे फक्त सकाळी नाही केलं, कारण सकाळी आमच्यासारखी फ्लॅटवाली पांढऱ्या बुटांची मंडळीच असतात, संध्याकाळी परत केलं आणि सोमवारी दुपारी केलं.

सकाळी खडे पडले ते वाटेवर आणि मोडक्या बाकांवर. संध्याकाळी मुलांनी सगळे खडे करंजांमागच्या झुडपात टाकले, का रे, तर म्हणे लपाछपीला लपायला तिथेच जागा आहे. नकाशात तिथे रबरी फरशीवर घसरगुंडी आहे, लपायला काही नाही. उत्तरेच्या कोपऱ्यात बायकांचा एकही खडा नव्हता, विटांचा ढीग होता. त्या कोपऱ्यात दिवा लावा हे आम्ही कित्येकदा लिहून दिलंय. नवीन नकाशात एवढे रंगीत दिवे आहेत, झाडांवर खालून हिरवा फोकस मारणारे, आणि त्या कोपऱ्यात एकही नाही. पक्ष्यांच्या तोंडावर रात्रभर उजेड आणि बायका अंधारात.

आणि सोमवारी दुपारी, संपादक साहेब, आमचे डोळे उघडले. आमची बाग सकाळी अकरा ते चार बंद असते. गेटला कुलूप. दुपारी तिथे कोणी नसतं अशीच माझी समजूत होती, मी सव्वीस वर्षं या बागेला लागून राहतेय. दीड वाजता गेलो तर चिंचेखाली अकरा बायका डबे उघडून बसलेल्या. आमच्याच बिल्डिंगांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाकाला येतात त्या. सकाळची कामं एकला संपतात, संध्याकाळची चारला सुरू होतात, घर लांब, मधले तीन तास जायचं कुठे? आमच्या एकाही घरात त्यांना पंख्याखाली बसा म्हटलं जात नाही, माझ्याही घरात नाही, खरं सांगायचं तर त्या दिवशी फार ओशाळल्यासारखं झालं. पलीकडे आंब्याखाली डिलिव्हरीवाली तीन-चार पोरं बॅगा उशाला घेऊन आडवी झालेली. ही सगळी येतात कुठून, तर मागच्या बाजूला रेलिंगचे दोन गज तुटलेत तिथून. ते तुटकं रेलिंग नीट करा म्हणून तक्रार कुणी केली होती माहितीये? मी. दोनदा.

नव्या नकाशात मागच्या बाजूला सलग आठ फूट भिंत आहे, वर काटेरी तार. ‘सुरक्षा’ या नावाखाली. आणि चिंचेच्या जागी ओपन जिम.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं की मावशी तुम्हाला या बागेत काय पाहिजे. त्यांना आधी वाटलं मी रागावायला आलेय. मग म्हणाल्या, ताई, एक पाण्याचा नळ आणि एक संडास, बाकी चिंच आहेच की. रबरी फरशी, लाल ट्रॅक, म्युझिकल कारंजं या सगळ्यापेक्षा ही मागणी स्वस्त आहे आणि आमच्या सोसायटीच्या बायकांचीही पहिली मागणी तीच, टॉयलेट. पण बुधवारी अकराच्या मीटिंगला मावशी येऊच शकत नव्हत्या, त्या तेव्हा माझीच भांडी घासत होत्या.

आता कुणी म्हणेल की लोकांना विचारायचं म्हणजे गोंधळ. आहेच गोंधळ. आमच्यातच एकमत नाही. एका काकांना उंबर नकोच आहे कारण फळं गाडीवर पडतात. काहींना बागेची एक बाजू कापून पार्किंग पाहिजे, एकजण देऊळ बांधून देतो म्हणतोय. हास्यक्लबवाल्यांना झुडपं काढून हवीत, साप येतात म्हणून, आणि खरं कारण साप नाही, जोडपी बसतात हे आहे. कुत्रेवाले आणि मुलांचे आईबाप यांचं तर बोलणंच बंद आहे. त्यामुळे लोक म्हणतील तसं करा असं मी म्हणत नाहीये. झाडाला काय सोसेल ते वनस्पती कळणाऱ्या माणसानेच सांगावं आणि तिथे मतदान घेऊ नये. पण समोरासमोर चर्चा झाली तर तोडगे निघतात हे आम्ही बघितलं, झुडपं कमरेएवढी ठेवायची, मुलांना लपायला पुरेल आणि वाटेवरून दिसेल पण, यावर हास्यक्लबसुद्धा गप्प बसला. उंबराखाली गाडी लावू नका हे काकांना अजून पटलेलं नाही.

आणि हे काही आभाळातून पडलेलं नवीन नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं बजेटमध्ये सुचवता येतात, कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा, वॉर्ड ऑफिसला फॉर्म द्यायचा. मूळ कल्पना ब्राझीलच्या पोर्तो अलेग्री शहरातली, १९८९ ची. मुंबईत ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली होती तेव्हा आसपासच्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात कोर्टात जाऊन त्याची देखभाल स्वतःकडे घेतली, आता ते मैदान कसं आहे ते जाऊन बघा. तिथला रहिवासी आणि आमच्याकडचा यात फरक आहे हे कळतं मला, कोर्टात जायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तर हे काम रहिवाशांच्या ऐपतीवर सोडू नये. खेड्यात ग्रामसभा असते, सरपंचाला सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं. शहरांसाठी १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती झाली, मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या, राज्याने २००९ मध्ये क्षेत्र सभेची तरतूदही महापालिका कायद्यात केली, म्हणजे मतदार यादीतली सगळी माणसं एकत्र बसून आपल्या भागातली कामं सुचवू शकतील अशी सभा. मी एवढी वर्षं मतदान करतेय, मला अजून एकाही क्षेत्र सभेचं बोलावणं आलेलं नाही, तुमच्या वाचकांपैकी कुणाला आलं असेल तर कळवावं, मला खरंच भेटायचंय त्यांना.

आमची मागणी फार मोठी नाही. शिरीषाचं आणि उंबराचं काम धनेशाची पिल्लं उडेपर्यंत थांबवा. कारंज्याचे पैसे टॉयलेट, नळ आणि पावसाच्या पाण्याची वाट यावर लावा. ट्रॅक करायचाच असेल तर मुळांच्या बाहेरून न्या आणि मातीचाच ठेवा, आमच्या गुडघ्यांनाही तेच बरं. नकाशा मराठीत, झाडांच्या नावांसकट, दोन्ही बाजूंना महिनाभर लावा आणि खाली वही बांधून ठेवा. मीटिंग रविवारी बागेतच घ्या, आणि एक मीटिंग दुपारी दीडला. मागच्या बाजूला भिंतीऐवजी एक छोटं गेट करा, दुपारी उघडं राहील असं. रांगोळीच्या नकाशाचे फोटो, खडे मोजलेली वही आणि झाडांची यादी आम्ही संबंधित ऑफिसात पोचवली, पोचही घेतलीये. तिथल्या एका तरुण इंजिनीअरने यादी नीट वाचली, म्हणाला मॅडम हे आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

रेलिंगची माझी तक्रार मी लेखी मागे घेतलीये, त्याला मात्र अजून पोच मिळालेली नाही.

तुमचा बातमीदार पाठवता आला तर बघा, फोटोग्राफरसकट. या आठवड्यात कधीही चालेल पण दुपारी दीडला या, धनेशाच्या खेपाही त्या वेळेला दिसतात आणि चिंचेखाली सगळ्या भेटतील. येताना मेन गेटने येऊ नका, ते बंद असतं. मागच्या गल्लीत पांगाऱ्यासमोर दोन गज तुटलेत, तिथून या, डोकं सांभाळा.

आपली,
बागेमागे राहणारी एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)